गिटारवरील स्वरमाला आणि मनाने वाजविणे



आपल्या घरांतून हल्ली हार्मोनियमपेक्षा गिटार अधिक दिसते. बहुधा ती नातवाला बार मित्झ्वाला मिळालेली असते. वर्ष दोन वर्षे मतनासच्या हूगमध्ये नेली जाते आणि पुढे कपाटाशेजारी उभी राहते. मुलाला विचारले तर तो म्हणतो, "कॉर्ड येतात, स्केलही येते." वाजवून दाखव म्हटले की स्केल खालून वर आणि वरून खाली भरभर वाजवून दाखवितो. मग सांगावे, "आता तुझ्या मनाचे काही वाजव." येथे हात थांबतो. दुसऱ्या बाजूला घरातील वडीलधारी माणसे. त्यांनी लहानपणी पेटीवर सरगम घोटलेली असते, कीर्तनात मागे सूर धरलेला असतो, पण गिटार म्हणजे परक्यांचे वाद्य, त्यात आपल्याला काय कळणार, असे म्हणून ती दूर बसतात. माझ्या मते दोघांनाही जे येते ते अर्धे आहे, आणि दोन्ही अर्धे एकाच घरात आहेत. हा पाठ दोघांनी एकत्र बसून वाचावा अशा हेतूने लिहिला आहे. मराठी न वाचणाऱ्या नातवाला आजी-आजोबांनी वाचून सांगावा.

प्रथम नावांचा गोंधळ दूर करू, कारण पहिले भांडण तेथेच होते. येथील मुले सुरांना दो, रे, मी, फा, सोल, ला, सी म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत तेच सूर सी, डी, ई, एफ, जी, ए, बी या नावांनी येतात. म्हणजे येथल्या मुलाचा 'सी' हा पुस्तकातला 'बी' असतो, आणि पुस्तकातला 'सी' हा मुलाचा 'दो' असतो! पेटीवर आपण याच सुरांना पांढरी एक, पांढरी दोन असे म्हणत पांढरी सातपर्यंत जातो. मधल्या पाच काळ्या पट्ट्या काळी एक ते काळी पाच. तेव्हा पुस्तकातील 'ए', नातवाचा 'ला' आणि आजोबांची 'पांढरी सहा' हे तिन्ही एकच. या लेखात मी इंग्रजी अक्षरे वापरणार आहे.

याहून मोठा फरक असा की येथील 'दो' आपल्या जागेवरून हलत नाही. आपला 'सा' मात्र हलतो. गाणारा ज्या पट्टीत बसेल ती पट्टी सा, आणि बाकीचे सूर त्याच्यापासून मोजावयाचे. नातू 'रे' म्हणतो तेव्हा तो पांढरी दोन म्हणत असतो, गाण्याचा सा कोठेही असो. आजी 'रे' म्हणते तेव्हा ती 'सा' च्या पुढचा सूर म्हणत असते. हा फरक एकदा समजला की दोघांचे बोलणे जुळते. मनाने वाजविण्यासाठी मात्र आजीची पद्धत अधिक उपयोगी आहे असे मला वाटते. सूर कोणता आहे हे कळून पुरत नाही. घरापासून तो किती दूर आहे हे कळावे लागते.

आता वाद्याकडे वळू. गिटारला सहा तारा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्या ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. सर्वांत बारीक ती पहिली तार आणि सर्वांत जाड ती सहावी. मानेवर धातूचे आडवे पडदे असतात. एक पडदा पुढे गेले की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीवर काळी-पांढरी धरून एक एक पट्टी पुढे जावे तसे. बारा पडदे झाले की सप्तक पूर्ण होते.

मी जन्मभर गणित शिकविले, म्हणून येथे जरा थांबल्यावाचून राहवत नाही. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. ६५० मिलिमीटर लांबीची तार असलेल्या साध्या गिटारीत तो ३२५ मिलिमीटरवर येतो. पण बारा पडदे समान अंतरावर नसतात. पहिला पडदा मानेच्या टोकापासून सुमारे ३६.५ मिलिमीटरवर, दुसरा त्यापुढे सुमारे ३४.४ वर, आणि याप्रमाणे अंतर आक्रसत जाते. प्रत्येक वेळी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागावयाचे, की पुढचे अंतर मिळते. फूटपट्टी घेऊन नातवंडांकडून हे मोजून घ्या. गणित आणि संगीत दोन्ही एका बैठकीत होतील.

पाच सुरांची चौकट

बाजारात गिटारच्या स्केलची जाडजूड पुस्तके मिळतात. एकेकात शेकडो आकृत्या. असले पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती देणे म्हणजे भाषा शिकू इच्छिणाऱ्याला शब्दकोश पाठ करावयास सांगणे होय. अमेरिकेतील ब्लूज, रॉक, जाझ वाजविणारे कित्येक गिटारवादक सुरुवात पाच सुरांच्या एका चौकटीने करतात. आपणही तेथूनच सुरुवात करू. तिला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात. 'ए' हा सा धरला तर ती पाचव्या पडद्यापासून सुरू होते:

सहावी तार: पडदा ५ सा, पडदा ८ कोमल ग
पाचवी तार: पडदा ५ म, पडदा ७ प
चौथी तार: पडदा ५ कोमल नी, पडदा ७ सा
तिसरी तार: पडदा ५ कोमल ग, पडदा ७ म
दुसरी तार: पडदा ५ प, पडदा ८ कोमल नी
पहिली तार: पडदा ५ सा, पडदा ८ कोमल ग

पाचव्या पडद्यावर पहिले बोट, सातव्यावर तिसरे, आठव्यावर करंगळी. हात जागचा हलवावा लागत नाही. सूर पाहा: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. ज्यांचे कान तयार आहेत ते लगेच म्हणतील, हे तर धानी रागाचे सूर! बरोबर आहे. राग म्हणजे केवळ सूर नव्हेत, त्याचे चालणे वेगळे असते हे मान्य, पण सूर तेच. जे स्केल नातू अमेरिकन म्हणून शिकला ते आजीच्या कानात कधीचे आहे.

पहिला अभ्यास असा की या चौकटीत सा तीन ठिकाणी आहे: सहाव्या तारेवर पाचवा पडदा, चौथ्या तारेवर सातवा, पहिल्या तारेवर पाचवा. डोळे मिटून, घरातील कोणी 'सा' म्हणताच यांपैकी एकावर बोट पडले पाहिजे. हे येईपर्यंत पुढे जाऊ नये. ज्याला घर कोठे आहे ते ठाऊक नाही तो गावभर हिंडला तरी रस्ता चुकलेलाच.

आता एक गंमत करा. एकाने ए मायनर, म्हणजे नातवाचा 'ला मिनोर', हा कॉर्ड सावकाश वाजवीत राहावे आणि दुसऱ्याने याच चौकटीतील सूर घ्यावेत. वातावरण गंभीर, थोडे उदास होते. मग कॉर्ड बदलून सी मेजर, म्हणजे 'दो माझोर', धरावा. चौकट तीच, बोटे तीच, एकही नवा सूर नाही. पण आता विश्रांती सी या सुरावर घ्यावयाची. तो सहाव्या तारेवर आठव्या पडद्यावर आणि तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर आहे. ऐका, उदासपणा गेला आणि भूप झाला! सी हा सा धरला की तेच पाच सूर सा, रे, ग, प, ध होतात. 'भाभी की चूडियाँ' (१९६१) या चित्रपटात सुधीर फडके यांनी 'ज्योति कलश छलके' ला जी चाल दिली तिचा आधार भूपच. आणखी पुढे जाऊन ई हा सूर सा धरा. पाचव्या तारेवर सातवा पडदा, दुसऱ्या तारेवर पाचवा. आता तेच सूर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी झाले, म्हणजे मालकंस. 'बैजू बावरा' (१९५२) मधील 'मन तरपत हरि दर्शन को आज' ज्यांना ठाऊक आहे (आपल्यात कोणाला नाही?) त्यांना ते सूर ओळखू येतील. जी हा सा धरला तर दुर्गा मिळतो आणि डी धरला तर मध्यमाद सारंगाचे सूर मिळतात. आपल्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. पाश्चात्य पुस्तके हीच गोष्ट पाच वेगवेगळ्या आकृत्या काढून शिकवितात आणि बिचाऱ्या मुलाला वाटते की आपल्याला पाच नवीन गोष्टी पाठ करावयाच्या आहेत.

पलटे, आणि त्यानंतर काय

सूर सापडले म्हणजे वाजविता आले असे नाही. स्केल खालीवर वाजविणे ही हाताची कसरत आहे. ती करावीच, पण पलट्यांनी करावी. सा ग म, ग म प, म प नी, प नी सा. उतरताना सा नी प, नी प म, प म ग, म ग सा. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवावा, एका ठोक्याला एक सूर. तो स्वच्छ आला तर दोन. घाई करणाऱ्या मुलाला मी वर्गात सांगत असे की आकडेमोड चुकीची असेल तर ती लवकर झाली याचा आनंद मानू नये. येथेही तेच.

पाच सुरांच्या मांडण्या किती होतात? १२०. सातांच्या ५०४०. आपल्याकडे मेरुखंड नावाची पद्धत आहे तिचा पाया हाच, आणि उस्ताद अमीर खाँ त्यासाठी प्रसिद्ध होते. पण १२० मांडण्या हाताखालून गेल्या तरी मनाचे वाजविणे येईलच असे नाही. त्यासाठी निराळा अभ्यास लागतो, आणि तो उलट दिशेने करावयाचा असतो. सूर वाढवायचे नाहीत, कमी करायचे.

तो असा. पहिल्या आठवड्यात तीनच सूर घ्यावेत: चौथ्या तारेवरील सातव्या पडद्याचा सा, तिसऱ्या तारेवरील पाचव्या पडद्याचा कोमल ग आणि सातव्या पडद्याचा म. पायाने ताल धरावा. चार मात्रा वाजवायचे, चार मात्रा गप्प बसायचे. गप्प बसण्याच्या चार मात्राही मोजावयाच्या, त्या खाऊ नयेत. पहिले वाक्य म वर सोडावे. ते प्रश्नासारखे वाटते. दुसरे वाक्य सा वर आणावे, ते उत्तर. तीनच सूर असल्यामुळे मुलाला लवकरच कळते की आता फरक करावयाचा तो कालात, जोरात, लांबीत. एक सूर लांबवला तर? दोनदा वाजविला तर? मात्रेवर न येता अर्धी मात्रा उशिरा आला तर? तीन सुरांत ज्याला काही बोलता येत नाही त्याला सात सूर देऊन काही उपयोग नाही. दुसऱ्या आठवड्यात प आणि खालचा नी द्यावा.

आणि हे सर्व आधी तोंडाने म्हणून मग वाजवावे. यात वडीलधाऱ्या मंडळींचे खरे काम आहे. आजीने 'सा ग म, ग सा' एवढे म्हणावे आणि नातवाने ते गिटारवर काढावे. मग त्याने वाजवावे आणि आजीने सरगमीत म्हणून दाखवावे. गिटारवरचा हात सवयीने चालतो. चौकटीत जेथे बोट सहज पडते तेथेच तो पुन्हा पुन्हा जातो आणि सर्वांचे वाजविणे सारखे होते. गळ्याला ती सवय नसते, त्याला श्वास घ्यावा लागतो, म्हणून गाऊन वाजविणाऱ्याची वाक्ये माणसाच्या बोलण्याएवढी लांब होतात. बी. बी. किंग या प्रसिद्ध ब्लूज वादकाचे ध्वनिमुद्रण ऐका. तो गातो तेव्हा गिटार बहुधा गप्प असते, त्याची ओळ संपली की गिटार उत्तर देते. कीर्तनात बुवांची ओळ संपली की पेटीवाला जी जागा भरतो तीच ही जागा.

कॉर्ड बदलतात तेव्हा

येथपर्यंत आपल्या संगीताचे ज्ञान पुरते. यापुढे एक नवी गोष्ट येते आणि ती वडीलधाऱ्यांनी नातवाकडून शिकावी. आपल्याकडे तानपुरा एकदा लावला की सा-प चा आधार शेवटपर्यंत तोच असतो. पाश्चात्य पद्धतीत खालचा आधार बदलत राहतो. ब्लूजचा ठरलेला साचा बारा मापांचा असतो. ए चा ब्लूज घेतला तर पहिली चार मापे ए सेव्हन, दोन डी सेव्हन, दोन पुन्हा ए सेव्हन, मग एक ई सेव्हन, एक डी सेव्हन, आणि शेवटची दोन ए सेव्हन. प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. तीनतालाची तीन आवर्तने म्हणा ना! बारावे माप संपून पुन्हा पहिले येते ती सम समजावी. ज्याला तबल्याबरोबर समेवर यावयाची सवय आहे तो या साच्यात हरवत नाही. गिटार शिकणारी मुले मात्र येथे हमखास हरवतात, कारण ती बोटांकडे पाहतात आणि मापे मोजत नाहीत.

आता तोच एक सूर निरनिराळ्या कॉर्डवर कसा बदलतो ते पाहा. ए हा आपला सा. ए सेव्हन चालू असताना त्यावर थांबलात तर घरी पोहोचल्यासारखे वाटते. डी सेव्हन वर तोच ए त्या कॉर्डचा पंचम होतो, चांगला बसतो. पण ई सेव्हन वर तोच सा अस्थिर होतो, कॉर्डमध्ये तो नाहीच. तेथे थांबलात तर श्रोता वाट पाहत राहतो. म्हणून थांबण्याच्या जागा लक्षात ठेवाव्यात. ए सेव्हन वर सा, प किंवा कोमल नी. डी सेव्हन वर म, सा किंवा कोमल ग. ई सेव्हन वर प किंवा म. हे सर्व सूर आपल्या चौकटीतलेच आहेत. जाता जाता कोणताही सूर घ्या, पण कॉर्ड बदलण्याच्या मात्रेवर यांपैकी एकावर उतरा. मुलांना मी असे सांगेन की आधी वाक्य न रचता प्रत्येक कॉर्ड बदलताना फक्त एक लांब सूर योग्य जागी लावा. बारा मापांत पाच-सहा सूर होतील. ते नीट लागले की मधल्या जागा आपोआप भराव्याशा वाटतात.

यात एक विचित्र गोष्ट आहे. ए सेव्हन या कॉर्डमध्ये शुद्ध ग असतो आणि आपल्या चौकटीत कोमल ग. नियमाप्रमाणे हे भांडण व्हावयास हवे, आणि होतेच. पण ब्लूजचा सगळा रंग त्या भांडणात आहे. वादक कोमल ग वाजवून तार बोटाने किंचित बाजूला ओढतात, म्हणजे सूर कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कोठेतरी जातो. पेटीवर हे शक्य नाही. गिटारचेही पडदे ठरलेले, पण तार ओढता येत असल्यामुळे गिटार पेटीची बहीण न राहता सतारीची होते. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्यावर म वाजवा आणि तीन बोटांनी तार वर ढकलून प पर्यंत न्या. हीच मींड. आधी दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याचा प वाजवून कानात घ्यावा, मग तार ओढावी, म्हणजे किती ओढायचे ते कळते. बहुतेकांची मींड अर्धवट राहून बेसूर होते. आणखी एक सूर हवा असेल तर म आणि प यांच्या मधला तीव्र म घ्या. तो पाचव्या तारेवर सहाव्या पडद्यावर आणि तिसऱ्या तारेवर आठव्या पडद्यावर सापडतो. पण त्यावर थांबू नये. तो मिठासारखा वापरावयाचा.

तार ओढण्यासाठी धातूच्या तारांची गिटार लागते. वयस्कर बोटांना नायलॉनच्या तारा बऱ्या पडतात, मात्र त्यांवर मींड फारशी निघत नाही. सांधे आखडले म्हणून कोणी धीर सोडू नये. जँगो राइनहार्ट हा युरोपातील थोर जाझ गिटारवादक १९२८ साली आगीत भाजला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झाली. पुढचे सगळे एकल वादन त्याने मुख्यतः उरलेल्या दोन बोटांनी केले. दुसरा चार्ली ख्रिश्चन. तो १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला आणि विजेच्या गिटारवर सनईवाल्यासारखी लांब एकपदरी वाक्ये वाजवू लागला. १९४२ मध्ये अवघ्या २५ व्या वर्षी तो वारला, पण जाझमधील गिटारचे स्थान त्याने बदलून टाकले. आपल्या देशात पंडित ब्रजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर दांडी सरकवीत राग वाजविले. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) या तबकडीत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर त्यांची गिटार आहे. घरात गिटारला परके वाद्य म्हणणारे कोणी असेल तर त्यांना ती ऐकवावी.

येथील लग्नांतले एक स्केल

या देशात राहून एक स्केल शिकलेच पाहिजे. ई हा सा धरून ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी. आपल्या भाषेत सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नी. 'हावा नागीला' याच स्वरांत आहे. युरोपातून आलेले आपले बांधव याला 'अहवा रब्बा' म्हणतात, अरबी संगीतात याच्या जवळचा मकाम हिजाझ, इंग्रजी पुस्तकांत फ्रिजियन डॉमिनंट, आणि आपल्याकडे हेच सूर बसंत मुखारी रागाचे. कोमल रे आणि शुद्ध ग यांच्या मधली जी लांब उडी आहे तिच्यातच त्याचा सगळा स्वाद आहे, म्हणून वाजविताना ती उडी टाळू नका, तिच्याभोवतीच फिरा.

गिटारवर हे मोकळ्या तारांच्या साहाय्याने सोपे जाते. सहावी तार मोकळी, मग पहिला आणि चौथा पडदा. पाचवी तार मोकळी, दुसरा, तिसरा. चौथी मोकळी, दुसरा, तिसरा. तिसरी तार मोकळी घेऊ नये, पहिला व दुसरा पडदा घ्यावा. दुसरी मोकळी, पहिला, तिसरा. पहिली तार सहावीसारखीच. खाली ई मेजर कॉर्ड, मधूनच एफ मेजर, परत ई मेजर. सहावी मोकळी तार मधून मधून छेडत राहिले की तानपुऱ्याची सोय होते. ज्या मुलाने ए चा हार्मोनिक मायनर शिकलेला आहे त्याला हे नवे वाटू नये. त्याच सुरांत विश्रांती ई वर घेतली की झाले. आपल्या नावांनी सांगावयाचे तर किरवाणीच्या पंचमाला सा केले की बसंत मुखारी मिळतो. मूर्च्छनेचा नियम येथेही उपयोगी पडतो.

'हातिक्वा' मात्र निराळ्या, साध्या मायनर स्केलात आहे, म्हणजे आपल्या आसावरी थाटाच्या सुरांत. ती सा पासून पायरी पायरीने प पर्यंत चढते, म्हणून नवशिक्याने कानाने काढण्यास उत्तम. पुस्तक न उघडता काढावी.

आजीच्या गाण्याला साथ

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप सांगितला ते. मेंदीची रात्र असते. मावशी, आत्या जुनी मराठी गाणी म्हणू लागतात. गिटारवाला मुलगा कोपऱ्यात बसलेला असतो आणि त्याला शिरकाव करता येत नाही, कारण गाणे कोणत्या पट्टीत आहे ते त्याला कळत नाही आणि गाण्याची कॉर्डची चिठ्ठी कोठे मिळत नाही. तो इतर मुलांबरोबर बाहेर निघून जातो. गाणी म्हणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून हा शिरकाव लवकर व्हावयास हवा.

पद्धत अशी. प्रथम ऐकावे, वाजवू नये. ओळ जेथे येऊन विसावते तो सूर मनात गुणगुणत सहाव्या तारेवर शोधावा. तो सा. बायकांचा आवाज पुष्कळदा काळी चारला बसतो. ती जी शार्प, सहाव्या तारेवर चौथा पडदा. पुरुष काळी एकला गात असतील तर सी शार्प, नववा पडदा. मग ग पाहावा. सा पासून तीन पडदे पुढे कोमल, चार पडदे पुढे शुद्ध. गाण्यात कोणता लागतो यावरून मायनर की मेजर ते ठरते. ग कोमल असेल तर पाच सुरांची चौकट तशीच उचलून त्या पडद्यावर न्यावी. शुद्ध असेल तर भूपाच्या जागा धराव्यात. म्हणजे चौकट सा च्या पडद्यापासून तीन पडदे मागे न्यावयाची आणि विश्रांती करंगळीखालच्या सुरावर घ्यावयाची. सा चौथ्या पडद्यावर असेल तर पहिले बोट पहिल्या पडद्यावर येईल. नंतर रे आणि नी कोमल की शुद्ध ते ऐकावे. इतके झाले की बहुतेक चाली हातात येतात.

कॉर्ड धरावयाचे असतील तर कॅपो लावावा. काळी चारला पहिल्या पडद्यावर कॅपो लावून जी च्या आकाराचे कॉर्ड, किंवा चौथ्या पडद्यावर लावून ई च्या आकाराचे. काळी एकला पहिल्या पडद्यावर सी चे, किंवा चौथ्यावर ए चे. गाणाऱ्या बाईला मात्र "मावशी, जरा ए मध्ये म्हणा ना," असे सांगू नये. पट्टी गाणाऱ्याची, वाजविणाऱ्याने तिच्याकडे जावयाचे. आणि जुन्या चालींवर ओळीओळीला कॉर्ड बदलण्याचा मोह आवरावा. त्या चाली कॉर्डसाठी बांधलेल्या नाहीत. पुष्कळदा सा आणि प एवढे दोनच सूर एकत्र छेडले तर गाणे अधिक मोकळे होते. मनाने वाजविण्याची जागा ओळ संपल्यावरची, चार मात्रांची. तेवढ्यात तीन सूर बोलून परत गप्प बसावे.

घरी एक वही करावी. गाण्याचे नाव, ते कोण म्हणते, तिची पट्टी, ग कोमल की शुद्ध, आणि ओळ कोणत्या सुरावर विसावते, एवढे पाच रकाने. पट्टी पेटीच्या भाषेत आणि येथल्या मुलांच्या भाषेत, दोन्हींत लिहावी, म्हणजे आजीला विचारावयास कोणी जवळ नसेल तेव्हाही नातवाला वाचता येईल.